घरचा नमुना नको

मॅडम भेटल्या की 'कशी आहेस' असं कधी विचारत नसत. 'पोट कसंय?' हा त्यांचा नमस्कार. प्राचार्यांना हाच, शिपायाला हाच, आणि एकदा कॉलेजच्या कार्यक्रमाला आलेल्या आमदारांनाही हाच. आमदारांनी सवयीनं हात जोडले आणि 'आपल्या आशीर्वादानं' असं म्हणाले. "आशीर्वादानं साफ होत नाही ते," मॅडम म्हणाल्या, "भाकरी खाता की नुसती पोळी?" प्राचार्यांनी घाईघाईनं पाहुण्यांना चहाकडे वळवलं.

नाशिकच्या आमच्या कॉलेजात त्या सूक्ष्मजीवशास्त्र शिकवायच्या. मी आधी त्यांची विद्यार्थिनी होते आणि नंतर त्यांच्याच प्रयोगशाळेत नोकरीला लागले, त्यामुळे त्यांचं सगळं तऱ्हेवाईकपण मी दोन्ही बाजूंनी सोसलेलं आहे. ठेंगणा बांधा, खणखणीत आवाज, सुती साडी आणि पायात पुरुषी सँडल. खांद्याला दोन पिशव्या. एकीत ताकाची स्टीलची बाटली, दुसरीत बीपी मोजायचं मशीन. लग्न केलं नव्हतं. कुणी खोचकपणे विचारलंच तर म्हणायच्या, "पोटात एवढी माणसं सांभाळतेय, आणखी एकाचं कशाला?"

ही पोटातली माणसं म्हणजे जंतू. आपल्या आतड्यात जंतूंची मोठी वस्ती असते, आपण खातो त्यावर ती जगते आणि तिच्या भल्याबुऱ्यावर आपलं बरंच काही अवलंबून असतं, हे त्या कुणालाही, कुठेही समजावून सांगायच्या. लग्नाच्या पंगतीत शेजारच्याच्या ताटात डोकावून, 'तुमच्या पोटातले आज उपाशी झोपणार, सगळं मैद्याचंच घेतलंय तुम्ही,' असं म्हणायलाही कमी करायच्या नाहीत. सर्दीपडशाला अँटिबायोटिक घेतलेला माणूस त्यांच्या लेखी गुन्हेगार होता. आमच्या विभागातल्या एका सरांनी अशा गोळ्या घेतल्या तर आठवडाभर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत, आणि आठव्या दिवशी त्यांच्या टेबलावर दह्याची वाटी नेऊन ठेवली. ते विरजण त्यांच्या आईपासूनचं होतं म्हणे. निम्म्या स्टाफच्या घरी त्यांचंच विरजण चालायचं. माझ्याही.

या सगळ्या वेडाच्या मुळाशी एक काम होतं. गरोदरपणात काही बायकांचा बीपी एकाएकी वाढतो, लघवीतून प्रथिनं जायला लागतात, अंगावर सूज येते, आणि वेळेवर कळलं नाही तर झटके येऊन आई आणि बाळ दोघंही दगावू शकतात. अशा बायकांच्या पोटातली जंतूंची वस्ती इतरांपेक्षा वेगळी दिसते, असं जगभरात काही जणांना आढळलं आहे. पण वस्ती बदलली म्हणून बीपी वाढतो, की बीपी वाढला म्हणून वस्ती बदलते, की दोन्हींमागे तिसरंच काही आहे, हे नक्की कुणालाच सांगता येत नाही. मॅडमना ते आपल्या भागातल्या बायकांमध्ये पाहायचं होतं. पेठच्या डोंगराळ तालुक्यातल्या, नागलीची म्हणजे नाचणीची भाकरी आणि आंबील खाणाऱ्या बायका एकीकडे, आणि आमच्यासारख्या चहा-बिस्किटावर दिवस काढणाऱ्या शहरातल्या दुसरीकडे. "म्हणजे नागलीनं बीपी वाढत नाही?" असं मी पहिल्याच दिवशी विचारलं. त्या चिडल्या. "मला माहीत नाही. माहीत असतं तर लोकांची शी गोळा करत कशाला फिरले असते?"

त्यामुळे कॉलेजात त्यांना शी-मॅडम म्हणत. त्यांच्या कानावर ते गेलं तेव्हा त्यांना फार आवडलं.

शीचा नमुना मागणं ही सोपी गोष्ट नाही. मी जायची तेव्हा आडून आडून बोलायची, 'तपासणीसाठी थोडं' वगैरे. मॅडम थेट डबी पुढे करायच्या. द्राक्षबागेच्या कामाला पेठहून आलेली एक बाई, पाच महिन्यांची गरोदर, कमरेवर हात ठेवून त्यांच्यापुढे उभी राहिली होती. "रगत मागितलं ते दिलं. लघवी मागितली ती दिली. आता ह्ये बी? बाई, आमचं काय ठेवाल का नाय?"

"अहो, तुम्ही जे टाकून देता तेच मागतेय," मॅडम म्हणाल्या. "सोनं मागितलं का तुमचं?"

ती बाई हसत सुटली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतःची डबी तर तिनं दिलीच, शिवाय वस्तीवरच्या आणखी दोघींना घेऊन आली. मॅडमनी तिघींचा बीपी मोजला आणि तिघींना ओळीनं उभं करून आपला नेहमीचा पाठ म्हणून घेतला. डोकं जड झालं, डोळ्यांपुढे अंधुक दिसायला लागलं, बरगडीखाली पोटात दुखायला लागलं, की कामं टाकून दवाखाना गाठायचा. पाढे घोकावेत तसं त्या बायकांकडून म्हणून घ्यायच्या. आपण माणसांच्या डॉक्टर नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. बीपी जरा चढलेला दिसला की त्या नमुनाबिमुना विसरून आधी त्या बाईला रिक्षात घालायच्या.

कामाचा आराखडा त्यांनी वर्षभर खपून केला होता. तिसऱ्या महिन्यात एक नमुना, सहाव्यात एक, नवव्यात एक. कागदावर सगळं चोख. आणि सातवा महिना लागल्यावर आमच्या निम्म्या बायका गायब झाल्या. एकीच्या घरी गेलो, सासूनं सांगितलं, 'माहेरी गेली बाळंतपणाला.' दुसरीकडे गेलो, तेच. तिसरीकडे तेच. ओटी भरली आणि पोरगी माहेरी गेली. तिची दवाखान्याची फाइल मात्र सासरच्या कपाटात. माहेरच्या डॉक्टरला तिचा आधीचा बीपी किती होता याचा पत्ता नाही.

प्रयोगशाळेत परत आल्यावर मॅडम कपाळाला हात लावून बसल्या. एवढ्या शिकलेल्या आम्ही पाच-सहा जणी, सगळ्या नाशिक जिल्ह्यातल्या, आणि एकीच्याही डोक्यात माहेर आलं नव्हतं. मला हसू आवरेना. मॅडमही मग हसायला लागल्या. "मला माहेर सोडायची वेळच आली नाही," त्या म्हणाल्या, "माझ्या कसं लक्षात येणार? पण तुम्ही तर दोन-दोन बाळंतपणं करून आलात."

दुसरं कुणी असतं तर आराखडा बदलला असता. यांनी बर्फाची पेटी घेतली आणि बायकांच्या मागोमाग त्यांच्या माहेरी जायला सुरुवात केली. कधी कळवण, कधी पेठ, कधी मालेगावच्या पुढे. एसटीनं. परतीच्या एका गाडीत कंडक्टरनं पेटीकडे बोट केलं. "मावशी, मासळी असंल तर मागं ठिवा, वास येतो लोकान्ला."

"मासळी नाही, शी आहे," मॅडम म्हणाल्या. "पंधरा बायकांची."

मी खिडकीतून बाहेर बघत राहिले. आमच्या आजूबाजूची बाकं हळूहळू मोकळी झाली आणि मॅडम पाय पसरून नाशिक येईपर्यंत छान झोपल्या.

नांदगावची गोष्ट मात्र हसण्यासारखी नाही. तिथल्या एका किराणा दुकानदाराची मुलगी, पहिलटकरीण, आमच्या कामात होती. नवव्या महिन्यातला नमुना घ्यायला आम्ही तिच्या माहेरी गेलो. पोरगी पलंगावर बसली होती, चेहरा टम्म. आईला कौतुक. "माह्यारी आल्यापासून कशी भरलीय बघा. लय खाती आता."

मॅडमनी तिच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला तो भरून येईना. त्यांनी बीपी मोजला, पाच मिनिटं थांबून पुन्हा मोजला, आणि मशीन पिशवीत टाकत म्हणाल्या, "गाडी बोलवा."

"आवं, च्या टाकलाय मी," आई म्हणाली. "पायाला सूज तर समद्यांलाच असती."

"चहा राहू दे. तुमची मुलगी आणि नातवंड दोन्ही पाहिजेत ना? मग गाडी बोलवा."

त्या घरातले पुरुष दुकानात, फोन लागेना. मॅडम स्वतः रस्त्यावर जाऊन एक जीप थांबवून आल्या. त्या मुलीचं त्याच दिवशी सिझेरियन झालं आणि दोघंही सुखरूप राहिले. महिनाभरानं तिचे वडील पेढे घेऊन थेट प्रयोगशाळेत आले आणि मॅडमच्या पाया पडायला वाकले. मॅडम दोन पावलं मागे सरल्या. "ते राहू द्या. नमुना द्यायचा राहिलाय तिचा, तो आणलात का?" ते गेल्यावर त्यांनी चार पेढे एकदम खाल्ले आणि दिवसभर कुणावरही ओरडल्या नाहीत.

त्यांचा एक नियम होता, घरचा नमुना नको. म्हणजे काम करणाऱ्यांच्या घरातली कुणी गरोदर असली तरी तिला या कामात घ्यायचं नाही. मोजणं नाही, डबी नाही, काही नाही. माझी जाऊ गरोदर होती तेव्हा मी विचारून पाहिलं होतं. "जी माझ्या विरजणाचं दही खाते तिच्या पोटात मला काय दिसणार? माझंच दही," त्या म्हणाल्या. "आपणच वाढायचं आणि आपणच मार्क द्यायचे, हे चालणार नाही." शास्त्राच्या दृष्टीनं हे शंभर टक्के बरोबर होतं, आजही आहे, आणि म्हणूनच मला त्याबद्दल कुणाला दोष देता येत नाही.

मॅडमच्या घरात त्यांच्याशिवाय एकच माणूस होतं. भाची, मृणाल. भावाची मुलगी. आई ती लहान असतानाच गेली, पुढे वडीलही गेले, आणि आत्यानंच तिला वाढवलं, शिकवलं, पुण्यात दिलं. शी-मॅडम या बाबतीत अगदी साध्या, हळव्या होत्या. मृणालचा फोन आला की वर्ग मधेच थांबायचा. तिला दिवस गेल्याचं कळलं त्या दिवशी त्यांनी आम्हा सगळ्यांना श्रीखंड खाऊ घातलं, घरी बांधलेल्या चक्क्याचं अर्थातच.

सातव्या महिन्यात मृणाल माहेरी आली. माहेर म्हणजे उपनगरातलं आत्याचं दोन खोल्यांचं घर. जिनं जिल्हाभरच्या बायकांना 'माहेरी जाताना फाइल न्या' म्हणून दटावलं, तिच्या भाचीची फाइल अर्थातच बॅगेत नीट होती. नाशिकच्या डॉक्टरांकडे पुढच्या आठवड्याची वेळही घेतलेली होती. मॅडमनी हौसेनं डोहाळजेवण केलं. आम्ही सगळ्या गेलो होतो. फुलांचे दागिने, पाटाभोवती रांगोळी, ताटात अळूवडीपासून गुलाबजामपर्यंत सगळं. मॅडमनी त्या दिवशी कुणाच्या ताटाला नावं ठेवली नाहीत. मृणालचा चेहरा गोल गरगरीत दिसत होता आणि सगळ्याजणी 'मुलगी होणार, तेज बघा' म्हणत होत्या. मीही म्हणाले असेन.

पुढचं मला मृणालनंच नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणानंतर तिच्या पोटात वरच्या बाजूला दुखायला लागलं. ती आत्याला म्हणाली. आत्या म्हणाली, "काल बाधलंय तुला. गुलाबजाम किती खाल्लेस?" मग त्यांनी ताक केलं, त्यात हिंग-जिरं घातलं, आणि तिला प्यायला लावलं. तिला उलटी झाली. "बरं झालं, मोकळं झालं," म्हणून त्यांनी थोड्या वेळानं आणखी दिलं, आणि तिचं डोकं मांडीवर घेऊन, पोटातली वस्ती कालच्या साखरेनं कशी बिथरली असेल याची गोष्ट सांगत बसल्या. मृणालला त्या गोष्टी लहानपणापासून ऐकायची सवय. तिला गुंगी आली. बीपीचं मशीन त्याच खोलीत खुंटीला लटकलेल्या पिशवीत होतं. ते कामाचं मशीन, घरच्यांसाठी नाहीच. जे दुखणं त्यांनी शेकडो बायकांकडून घोकून घेतलं होतं, ते त्यांच्या मांडीवर होतं आणि त्यांना त्यात फक्त डोहाळजेवण दिसलं.

संध्याकाळी मृणालला झटका आला.

मला मॅडमचा फोन आला तेव्हा त्यांचा आवाज मी ओळखला नाही. मी गाडी घेऊन पोचेपर्यंत शेजाऱ्यांनी ॲम्ब्युलन्स आणली होती. द्वारका चौकात नेहमीची कोंडी. ॲम्ब्युलन्सच्या मागे माझी गाडी, आणि पुढे ट्रक, रिक्षा, हातगाड्या. भोंगा वाजत राहिला आणि वाट मिळायला नको तेवढा वेळ गेला.

मृणाल वाचली. बाळ वाचलं नाही. मुलगी होती.

दवाखान्यातले डॉक्टर तरुण होते, आवाज हळू ठेवून बोलत होते. मॅडम त्यांच्यापुढे उभ्या राहून एकच वाक्य सांगत होत्या, "मी तिला ताक दिलं." डॉक्टरांनी एकदा ऐकून घेतलं, दोनदा ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मॅडम, ताकानं काही झालं नाही. दुपारी आणायला हवं होतं, एवढंच." ते चुकीचं काही बोलले नाहीत. पण ते असं बोलायला नको होते असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं.

कॉलेजात लोक 'दिव्याखाली अंधार' म्हणाले. एका बाईंनी तर स्टाफरूममध्ये हळहळीच्या सुरात म्हटलं आणि चहाचा घोट घेतला. मला संताप आला होता. ज्यांनी जन्मात एका गरोदर बाईच्या दंडाला पट्टा गुंडाळला नाही, त्यांनी म्हणी वापरू नयेत.

मॅडम पंधरवड्यानं कामावर आल्या आणि सरळ नमुन्यांच्या फ्रीजरपाशी गेल्या. सगळे नमुने नष्ट करायचे म्हणाल्या. मी हात धरला त्यांचा. पेठच्या बाया, नांदगावची मुलगी, एसटीतले सगळे प्रवास, सगळं त्या डब्यांत होतं. आणखी वर्षभर काम केलं असतं तर काहीतरी हाताला लागलं असतं. निदान काय नाही ते तरी कळलं असतं.

"मॅडम, यांचा काय दोष?" मी म्हणाले.

"यांचा नाही. माझ्या डोळ्यांचा आहे," त्या म्हणाल्या. "मला सगळीकडे पोटच दिसतं गं. यांच्यातही मी तेच शोधून काढीन. अशा माणसानं मोजायचं नसतं."

"मग मी मोजते. दुसरं कुणी मोजेल."

त्यांनी फ्रीजरचं दार उघडलं. मग म्हणाल्या, "तुला मीच शिकवलंय."

नमुने गेले. त्यानंतर काही महिन्यांत त्यांनी नोकरीही सोडली. आता दुसरीकडे, चांगल्या पैशांनिशी आणि मोठ्या यंत्रांनिशी, हेच काम चालू असल्याचं वाचनात येतं तेव्हा मी ते पान पुढे वाचू शकत नाही. आमच्या डोंगरातल्या बायका त्यात नाहीत. त्यांच्याकडे एसटीनं जाणारं कुणी उरलेलं नाही. मला याचं वाईट वाटतं, आणि मॅडमचा रागही येतो, आणि त्यांचा राग येतो याचं पुन्हा वाईट वाटतं.

मृणालनं आत्याला कधी एका शब्दानं दुखावलं नाही. पण दुसऱ्या खेपेला दिवस राहिले तेव्हा तिच्या सासूबाईंचा फोन आला. 'यावेळी सगळं इथंच करू, तिला प्रवास नको.' फार नम्रपणे म्हणाल्या. "बरोबर आहे तुमचं," मॅडम म्हणाल्या.

गेल्या उन्हाळ्यात मी त्यांच्याकडे गेले होते. घर तेच, आवरलेलं. त्यांनी चहा केला आणि इकडचं तिकडचं बोलत बसलो. माझ्या मुलांची चौकशी, कॉलेजातल्या बदल्या. तेवढ्यात मृणालचा फोन आला. सातवा महिना लागला होता तिला. मॅडमना आता जरा कमी ऐकू येतं, त्यामुळे फोन स्पीकरवर होता.

"आत्या, सकाळपासून बरगडीखाली दुखत होतं," मृणाल म्हणाली.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. "दवाखान्यात जा. आत्ता. बोलत बसू नकोस."

"जाऊन आले गं. बीपी तपासला, रक्त तपासलं, सगळं ठीक आहे. साधी ॲसिडिटी आहे म्हणाले."

"मग ठीक आहे."

"काय खाऊ सांग ना."

मॅडमनी फोनकडे पाहिलं. "त्यांनी काय सांगितलंय?"

"त्यांनी गोळी दिलीय. मी तुला विचारतेय, आत्या."

या प्रश्नावर ही बाई एकेकाळी तासभर बोलली असती, पेठच्या नागलीपासून सुरू करून. मी वाट पाहिली. त्यांनी फोन माझ्या हातात दिला, "तू सांग हिला," म्हणाल्या, आणि आत निघून गेल्या. मी मऊ भात खा, तिखट टाळ, असं काहीतरी बोलले.

"आत गेली ना?" मृणालनं विचारलं.

"हो."

"दर वेळी जाते. मला खाण्याचं सगळं माहितीय हो, तिच्याच हाताखाली वाढलेय मी. मुद्दाम विचारते." तिनं आवाज खाली आणला. "मी विचारायचं सोडलं तर तिला वाटेल की माझ्या मनात आहे."

मी फोन ठेवला. मॅडम पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"बीपी किती म्हणाली?"

"ठीक आहे म्हणाली."

"ठीक म्हणजे किती? आकडा विचारला नाहीस?"

मी विचारला नव्हता. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि स्वतः लावला. मृणालनं आकडा सांगितला. मॅडमनी तो मोठ्यानं पुन्हा म्हटला, वरचा आणि खालचा, आणि बरोबर ऐकला का ते विचारून घेतलं.

"रोज मोजायचा आणि रोज मला सांगायचा," त्या म्हणाल्या. "खाण्याचं मला विचारू नकोस."